चिखलदऱ्याच्या पठारावरचं घर: मे-जूनच्या प्रकल्प नोंदी

४ मे
परतवाड्याहून सकाळी सातच्या गाडीनं निघालो. आम्ही दोघं नवराबायको आणि नात. ती नऊ वर्षांची, पुण्याहून काल आली. मुलगा-सून पुण्यातच आहेत, त्यांना सुट्टी नाही. जून उजाडेपर्यंत ती आमच्याजवळ.

घर मोथ्याच्या अलीकडे, वस्तीच्या कडेला. माझ्या वडिलांनी बांधलेलं. भिंती दगडमातीच्या, वर सागाचे फाटे आणि थापीव देशी कवेलू, म्हणजे मातीची कौलं. मागं छपरी, तिच्यावर गंजलेला पत्रा. गेली दोन वर्षं कवेलू फेरले नाहीत, कारण हिचे गुडघे आणि माझा डोळ्याचा मोतीबिंदू. यंदा दोन्ही कारणं बाजूला ठेवायची ठरलं.

काम एवढंच होतं: पावसाआधी कवेलू फेरायचे, मागचा पत्रा बदलायचा, भिंतीला मातीचा हात द्यायचा. बाराला घरात शिरलो तर जमिनीवर नुसते कवडसे. नातीनं बॅग खाली ठेवायच्या आत मोजायला सुरुवात केली. सतरा. "आबा, एवढे तारे दिवसा?" म्हणाली. मी म्हटलं, जेवढे कवडसे तेवढ्या ठिकाणी पाऊस आत येणार.

५ मे
तिनं दप्तरातला खडू काढून प्रत्येक कवडशाभोवती गोल केला. जेवून येईतो सगळे गोल रिकामे, कवडसे हातभर सरकलेले. फसवणूक झाल्यासारखं तोंड झालं तिचं. ऊन सरकतं हे तिला शाळेत शिकवलेलं आहे, पण चुलीजवळचा कवडसा पाण्याच्या गुंडावर चढताना तिनं आज पाहिला.

मग पद्धत बदलली. मी स्टुलावर उभा, हातात तुरीची वाळकी काडी. जिथून उजेड येतो त्या फटीतून काडी वर सरकवायची, तिला बाहेरून दिसली की ती ओरडते, "आली!" बाहेरून छपराकडं पाहिलं तर सतरा काड्या उभ्या, जणू साळिंदर बसलंय. मिस्त्रीला दाखवायला आता बोट लावायची गरज नाही.

६ मे
सकाळी पाणी भरायला ती हिच्यासोबत गेली. हापशी खाली आहे, उतारानं जाऊन यायचं. तिनं पावलं मोजली, एका बाजूनं दोनशे बारा. जाताना उतार, येताना भरलेला गुंड आणि चढ. हिनं दोन खेपा केल्या, मी दोन. चार गुंड म्हणजे साठ लिटरच्या आसपास. धुणं हापशीवरच.

दुसऱ्या खेपेला ही मध्येच दगडावर टेकली. नात तिथंच उभी राहून विचारते, "आजी, इथे पाऊस खूप पडतो ना? मग पाणी खालून का आणायचं?"

ही म्हणाली, "पडते वं माय, धो धो पडते. पन आपल्यासाठी थांबते थोडंच."

दिवसभर ते वाक्य माझ्या कानात राहिलं. चिखलदऱ्याला वर्षाला दीड हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. आणि एप्रिल-मे महिन्यात इथल्या गावांत टँकरची वाट पाहावी लागते. पठार १,१०० मीटरच्या आसपास उंच, चहूबाजूंनी दऱ्या, पोटात काळा कातळ. पडलेलं पाणी काही सिपना नदीला जातं, काही इथल्या चंद्रभागेला, शेवटी सगळं तापीत. माझ्या छपरावर पडलेलं पाणीसुद्धा तिकडंच जातं. इतकी वर्षं ते मी पागोळ्यांतून पाहत बसलो आणि शोभा म्हणून पाहिलं.

रात्री वहीत प्रकल्पाचं नाव खोडून नवं लिहिलं. शाकारणी राहीलच. पण पाणी धरायचं.

७ मे
मागच्या छपरीचं माप घेतलं. टेपचं एक टोक तिच्याकडे. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद. अठरा चौरस मीटर. तिला सांगितलं, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की बरोबर एक लिटर पाणी होतं. यात काही घटवायचं-वाढवायचं नाही. तिला हे पटेना, इतकं सरळ कसं असेल म्हणून. ताटात पाणी ओतून, फूटपट्टी लावून खात्री करून घेतली तेव्हा गप्प बसली.

मग हिशेब तिनंच केला. दीड हजार गुणिले अठरा, सत्तावीस हजार लिटर. काही उडतं, काही सांडतं, म्हणून शंभरातले ऐंशी धरले: एकवीस हजार सहाशे.

"आबा, हे तर खूपच आहे!"

कवेलू की पत्रा यावर आमच्या दोघांत दोन वर्षं वाद आहे. हिला सगळीकडे पत्रा हवा, कारण वानरं. एक टोळी छपरावरून गेली की दहा-पंधरा कवेलू फुटतात, म्हणून तर निम्मं विदर्भ पत्र्याखाली गेलं. मी कवेलूच्या बाजूचा. मे महिन्यात पत्र्याखाली दुपारी बसवत नाही आणि पावसात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. आज मात्र हिचं अर्धं म्हणणं मला मान्य करावं लागलं. पाणी धरायला पत्राच बरा. देशी कवेलू पाणी पितं, शेवाळ धरतं, काडीकचरा सोडतं. ठरलं: घरावर कवेलू, छपरीवर नवा पत्रा, आणि पाणी छपरीचंच घ्यायचं.

९ मे
मिस्त्री आला. कोरकू, पलीकडच्या वस्तीतला, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. सोबत त्याची मुलगी, आमच्या नातीच्याच वयाची. काड्या पाहून मिस्त्री हसला नाही, एकेक काडीपाशी थांबून खालचा फाटा दाबून पाहिला. दोन फाटे वाळवीनं खाल्लेले निघाले. काड्या नसत्या तर ते वरून कळले नसते.

१० ते १२ मे
कवेलू उतरवले. हे तीन दिवस नीट लिहून ठेवायला हवेत.

मिस्त्री वर, मधल्या शिडीवर त्याचा भाचा, खाली मी, आणि माझ्यापुढं दोन्ही पोरी. उतरलेलं प्रत्येक कवेलू आधी ओल्या फडक्यानं पुसायचं, मग डाव्या तळव्यावर अलगद तोलून उजव्या हाताच्या बोटाच्या सांध्यानं ठोकायचं. चांगलं असेल तर टण्ण वाजतं, पितळेच्या वाटीसारखं. केसाएवढी जरी चीर असली तरी आवाज बसका येतो, ठप्प. डोळ्याला चीर दिसत नाही, कानाला कळते. मी एकदा करून दाखवलं. पहिल्या दहा मिनिटांत नातीनं तीन चांगली कवेलू फुटक्यांत टाकली, कारण ती कवेलू मुठीत आवळून धरत होती आणि आवळलेलं कवेलू वाजत नाही. मिस्त्रीच्या पोरीनं तिची बोटं एकेक करून सैल केली. तोंडानं काही बोलली नाही. त्यानंतर दोघींचे कान लागले.

दुपारपर्यंत मी त्यांची तपासणी तपासायचं सोडून दिलं. माझ्या कानापेक्षा त्यांचा कान बारीक आहे. मोतीबिंदू डोळ्याला होतो, कानाचंही वय होतं हे मला पहिल्यांदा नीट जाणवलं.

मी तीस वर्षं आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवलं. दरवर्षी नवी पोरं, त्यांना रंधा कसा धरायचा, करवतीला जोर कधी द्यायचा नाही, हे शिकवलं. घरच्या पोराला शिकवलं नाही. तो या वयाचा होता तेव्हा मी सुट्टीतही जादा वर्ग घ्यायचो, घराचं कर्ज होतं. त्याला याचं वाईट वाटत असेल की नाही, मी कधी विचारलं नाही. आज रात्री फोनवर नातीनं त्याला टण्ण आणि ठप्प दोन्ही वाजवून दाखवलं. तो बराच वेळ फोनवर होता. म्हणाला, "बाबा, मला पण ऐकू द्या ना परत."

१३ मे
रात्री नात रडली. आईची आठवण. शिवाय लांबून कसला तरी आवाज येत होता, ती म्हणे वाघ. मेळघाटात वाघ आहेत हे तिला माहीत आहे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हाच्या पहिल्या नऊ जंगलांत मेळघाट होतं, हे मीच तिला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. नको तेव्हा सांगितलं.

हिनं बाज अंगणातून ओसरीत ओढली, तिला कुशीत घेतलं. "काहून रडतेस वं? तो सांबर हाय. सांबराले भेव वाटलं की तो असाच वरडते. तुले भेव वाटलं, तू रडली. त्याले वाटलं, तो वरडला." मग हिनं तिच्या डोक्याला तेल लावलं. दहा मिनिटांत झोपली. अंधार पडल्यावर ओसरी सोडायची नाही, हा नियम मात्र तिघांनाही. मोहाखाली अस्वल येतं, दिवसा त्याच्या तावडीत सापडलेला माणूस मी पाहिलाय आणि त्या माणसाची पाठही.

१६ मे
कवेलू चढले. दोन फाटे नवे, फुटक्यांच्या जागी गावातल्या एका पडक्या घराची जुनी कवेलू आणली. आढ्यावर बोरीच्या काट्या पसरल्या, वानरांसाठी. बारा वाजता घरात जाऊन पाहिलं, काळोख. एकही कवडसा नाही.

नात खूश होईल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "एक तरी ठेवायचा ना." मिस्त्रीनं ते ऐकलं आणि संध्याकाळी कुठून तरी काचेचं कवेलू घेऊन आला. चुलीच्या वर बसवलं. हिला भाजी चिरायला उजेड आणि नातीला तिचा तारा. पैसे घेतले नाहीत त्यानं.

ही पानगे करणार म्हणाली. कणकेचे जाडसर पानगे पळसाच्या पानांत गुंडाळून गोवऱ्यांच्या आरावर, सोबत वांग्याची भाजी, वर भरपूर सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातलेली. आठ माणसं जेवली. पळसाच्या शिरांचा ठसा पानग्यावर उमटतो, तो पाहत नात बराच वेळ पहिला घास घेईना.

१८ मे
कामाला सुट्टी. गाविलगडावर गेलो, ही घरीच. उन्हाच्या आत परत यायचं म्हणून पहाटेच निघालो.

किल्ला बहमनी अहमदशहा वलीनं १४२५ साली बांधला. १८०३ च्या डिसेंबरात इंग्रजांनी तोफा चढवून तो घेतला. शार्दूल दरवाजा, तोफा, पडके बुरूज, सगळं दाखवलं. तिला काहीच विशेष वाटलं नाही. देवतलावापाशी पोचलो आणि ती थांबली. "आबा, इथे वर नदी नाही, मग हे पाणी कुठून आलं?" पावसाचं, म्हटलं. मच्छीतलावही पावसाचाच. एवढ्या उंचीवर फौज, घोडे, हत्ती, बायकापोरं राहिली ती डोंगराच्या उतारावरचं पाणी अडवून. तटबंदीइतकीच ही तळी किल्ल्याचा जीव होती.

ती काठावर बसून वहीत काढत होती. घरी आल्यावर पाहिलं, तिनं तलाव काढला होता आणि त्याच्या शेजारी आमची छपरी. दोघांच्या मध्ये बरोबरचं चिन्ह.

२० मे
पत्रा बदलला. एका दिवसात झालं.

२२ मे
पन्हळ. मिस्त्रीचं म्हणणं बांबूची करू, दोन फाकी करून आतले पेरे काढले की झालं. दिसायला सुंदर होईल. पण वैशाखात तोडलेल्या बांबूला घुण लागतो, पिठी गळायला लागते. बांबू तोडायचा तो पावसाळा सरल्यावर, थंडीत, त्यातली साखर उतरली की. हे मिस्त्रीला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे, त्याला फक्त माझा खर्च वाचवायचा होता. सहा इंची पीव्हीसी पाइप आणला, वरचा तिसरा हिस्सा लांबीत कापून काढला.

उताराला ट्यूब लेव्हल. पारदर्शक नळीत पाणी भरून एक टोक नातीकडे, दुसरं हिच्याकडे. दोन टोकांचं पाणी आपोआप एका पातळीवर येतं, मधे कितीही वेडीवाकडी नळी पडलेली असो. ही स्टुलावर, नात शिडीच्या दुसऱ्या पायरीवर, दोघी एकमेकींना ओरडून सांगताहेत, "थांब, हललं!" "आता?" "आता बरोबर!" मीटरला एक सेंटिमीटर उतार, सहा मीटरला सहा. खूण केली, खिळे ठोकले.

२४ मे
माझी चूक. पन्हळ धरणारे आकडे मी तीन-तीन फुटांवर लावले. नातीनं वरच्या टोकाला लोटाभर पाणी ओतून कडुनिंबाचं पान सोडलं. पान निघालं, मध्यापर्यंत आलं आणि गोल फिरत तिथंच राहिलं. दुपारच्या उन्हानं पाइप मऊ होऊन पोट काढून बसला होता. उतार दोन टोकांत होता, मध्ये नव्हता. असंच ठेवलं असतं तर पहिल्या पावसात तिथं पाणी साचून डास झाले असते.

सगळे आकडे काढले, दोन फुटांवर लावले. पान परत सोडलं. सरळ गेलं. संध्याकाळपर्यंत तिनं किती पानं सोडली त्याची मोजदाद नाही.

२५ मे
रोहिणी लागली. पावशा ओरडायला लागला. नातीला सांगितलं, तो म्हणतो पेर्ते व्हा. तिला ऐकू येईना. मिस्त्रीच्या पोरीला विचारलं तुमच्यात पाण्याला काय म्हणतात, ती म्हणाली, "डा." कोरकू ही मराठीच्या कुळातली भाषाच नव्हे, तिचे नातलग तिकडं संथाळी-मुंडारीत. नातीनं टाकीसाठी आज घातलेल्या ओट्यावर ओल्या सिमेंटात काडीनं डा लिहिलं. पुसायला ही निघाली होती, मी राहू दिलं.

२७ मे
ओटा. टाकी हजार लिटरची म्हणजे भरल्यावर पाण्याचंच वजन एक टन. मिस्त्रीनं हातभर खोल खणून दगड बसवले, घण मारून. खचला तर टाकी वाकडी होऊन जोड निघतील. इथं घाई केली नाही, तीन दिवस रोज पाणी मारलं. ते पाणीही खालूनच आणलेलं, हे लिहून ठेवतो.

३० मे
पहिल्या पावसाचं पाणी टाकीत जाऊ द्यायचं नाही. पत्र्यावरची धूळ, वानरांची घाण, पाखरांचं सगळं त्यात येतं. त्यासाठी टाकीच्या आधी चार इंची पाइप उभा लावला, खालून बूच, उंची एक मीटर वीस. त्यात साडेनऊ लिटर मावतं, म्हणजे छपरीवरचा पहिला अर्धा मिलिमीटर पाऊस. तो भरला की आतला चेंडू तरंगत वर येतो, तोंड बंद करतो, पुढचं पाणी टाकीकडं वळतं. चेंडू नातीनं दिला, तिचा जत्रेतला हिरवा. पाइपात घालताना दोनदा बाहेर काढून पाहिला. पाऊस थांबला की बूच काढून तो पाइप रिकामा करायचा, हे काम हिचं.

१ जून
आज तिचा हिशेब चुकला नाही, आणि त्यामुळेच ती रडवेली झाली. हजार लिटर भागिले साठ, सोळा दिवस. पाऊस थांबल्यावर सोळा दिवसांनी टाकी रिकामी. "म्हणजे मे महिन्यात आजीला खालीच जावं लागेल?"

हो, म्हटलं. खोटं सांगून काय करू? जून ते सप्टेंबर हिच्या खेपा वाचतील, निसरड्या पायवाटेवरच्या, ज्यांची मला उन्हाळ्यातल्या खेपांपेक्षा जास्त धास्ती वाटते. ऑक्टोबरनंतर परत हापशी. उन्हाळ्याच्या शंभर दिवसांना सहा हजार लिटर साठवावे लागतील, त्याला जमिनीतली टाकी हवी.

तिनं नवं पान उघडलं, वर लिहिलं, "पुढच्या मे महिन्याचं काम." खाली फक्त ६,००० हा आकडा, दोनदा अधोरेखित. तोवर टाकीवरून सांडणारं पाणी शोषखड्ड्यात सोडायचं ठरलं, निदान आपल्या उंबऱ्यातलं पाणी धावत दरीत जाणार नाही.

५ जून
भिंतीचा मातीचा हात. तांबूस माती, शेण, गव्हांड्याचं कुटार, आठ दिवस कालवून मुरत ठेवलेलं. मागच्या खेपेला मी खालून काळी माती आणली होती, वाळल्यावर भिंत सुकलेल्या तळ्यासारखी भेगाळली. यंदा आधी हातभर-हातभर चार नमुने लावून पाहिले, तिसरा भेगला नाही. सारवण हिनं केलं आणि नातीनं. हिचा हात भिंतीवर अर्धगोल फिरतो, नातीचा इकडंतिकडं. दाराच्या डाव्या बाजूची भिंत पाहिली की कुठून कुणाचा हात ते कळतं. मी गुळगुळीत करून घेणार नाही.

८ जून
मृग लागला. ढग येतात, सातपुड्यावर टेकतात, जातात. वारा ओला. नात दर अर्ध्या तासाला मागं जाऊन येते. तिच्या शाळेची सुरुवात पुढच्या आठवड्यात, पुण्याकडच्या शाळा विदर्भाच्या आधी उघडतात. आमच्याकडं उन्हामुळं जूनच्या अखेरीस.

तिनं बांबूची पट्टी बनवली, टाकीत उभी ठेवायला. मोजून, बोटभर अंतरावर खुणा. सोबत वहीत तक्ता: तारीख, किती खुणा, कोणी पाहिलं. सगळ्या ओळी रिकाम्या.

११ जून
परतवाड्याला सोडायला आलो, तिथून मुलगा घेऊन गेला. पाऊस नाही. घाटात तिनं एकदाही मागं पाहिलं नाही. पुढं एसटी स्टँडवर हिच्या पदराला धरून उभी राहिली, गाडी निघेस्तोवर. वही माझ्याकडं दिली. "आबा, तुम्ही भरा. पण खरं लिहा."

मुलानं माझ्या हातातली पिशवी घेताना विचारलं, पुढच्या मे महिन्यात खड्डा खणायला सुट्टी काढू का. काढ, म्हटलं.

१९ जून
पहाटे चारला पत्र्यावर पहिले थेंब. हिनं मला हलवून उठवलं, "अहो, उठा, पान्यानं दार वाजवलं." कंदील घेऊन दोघं मागं. पन्हळीतून धार आली, गढूळ, काळपट. उभा पाइप भरत होता, आत चेंडू घासत वर येत असल्याचा आवाज. मग तो थांबला आणि टाकीच्या आत पाणी पडायला लागलं. रिकाम्या टाकीत पडणारं पाणी मोठा आवाज करतं. हिनं फोन लावला, पुण्यात साडेचार वाजलेले. सुनेनं उचलला, नातीच्या कानाला लावला असावा. हिनं फोन टाकीच्या तोंडाशी धरला. पलीकडून काही बोलणं आलं नाही, आम्हीही बोललो नाही.

सहाला पाऊस थांबला. हिनं बूच काढून पाइप रिकामा केला. घरात एके ठिकाणी ओल, उत्तरेच्या कोपऱ्यात, एक कवेलू सरकलंय, उद्या मिस्त्रीला निरोप. ओटा जागेवर आहे.

तिच्या वहीतली पहिली ओळ भरली. १९ जून. चार खुणा आणि वर थोडंसं. कोणी पाहिलं: आजीनं.